टेपने मोजलेली चरबी

जिवंत माणसाच्या शरीरातली चरबी थेट मोजण्याची कोणतीही पद्धत आजवर निघालेली नाही. प्रत्येक पद्धतीत मोजलं जातं दुसरंच काहीतरी, आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधला जातो. माणसाला पाण्यात बुडवून त्याचं वजन केलं की शरीराची घनता कळते. चरबीची घनता 0.9 आणि बाकीच्या शरीराची 1.1 धरली की दोन्हींचं प्रमाण निघतं. विल्यम सिरी या अमेरिकी संशोधकाने 1961 मध्ये त्याचं दोन ओळींचं सूत्र करून ठेवलं: 495 ला घनतेने भागा, त्यातून 450 वजा करा, उरेल ती चरबीची टक्केवारी. घनता 1.1 असेल तर उत्तर शून्य येतं आणि 0.9 असेल तर शंभर. दुसरी पद्धत पाण्याची. ड्यूटेरियम मिसळलेलं थोडं पाणी प्यायला द्यायचं आणि काही तासांनी लाळेत किंवा लघवीत ते किती पातळ झालं ते पाहायचं. त्यावरून शरीरातलं एकूण पाणी कळतं, आणि चरबीत पाणी जवळजवळ नसल्यामुळे बाकीचा हिशोब मांडता येतो.

तिसरी पद्धत डेक्सा. यात दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण शरीरातून आरपार जातात. हाड, चरबी आणि स्नायू ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, म्हणून कुठे काय किती आहे याचा नकाशा तयार होतो. मुलाला टेबलावर काही मिनिटं स्थिर पडून राहावं लागतं. किरणांचा डोस अगदी थोडा असतो, दिवसभरात निसर्गातून आपल्याला मिळतो साधारण त्याच पट्टीतला. आज मुलांच्या बाबतीत डेक्साचं उत्तर बहुतेक ठिकाणी खरं धरलं जातं. प्रत्यक्षात तोही एक अंदाजच आहे. दोन कंपन्यांची यंत्रं एकाच मुलाबद्दल थोडी वेगळी उत्तरं देऊ शकतात. पण हाताशी असलेल्या अंदाजांपैकी तो बराच चांगला आहे.

यंत्र महाग असतं. त्याला वातानुकूलित खोली लागते, भरवशाची वीज लागते, शिकलेला तंत्रज्ञ लागतो. दक्षिण प्रशांत महासागरातल्या सामोआसारख्या देशात ते गावोगावी नेता येत नाही. दोन मोठी बेटं, उपोलू आणि सवाई. उपोलूवर राजधानी आपिया. सगळी मिळून लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. शाळेत किंवा गावच्या दवाखान्यात येणाऱ्या परिचारिकेजवळ वजनकाटा असतो, उंची मोजायची पट्टी असते, मेजरिंग टेप असते. फार तर त्वचेची घडी मोजायचा चिमटा, म्हणजे कॅलिपर. एवढ्या सामानावर समोरच्या आठ वर्षांच्या मुलाच्या अंगात किती किलो चरबी आहे हे सांगता येईल का, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

सामोअन माणसांच्या शरीराचा अभ्यास नवा नाही. 1970 च्या दशकात पॉल बेकर या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने तिथे मोठा प्रकल्प सुरू केला. मायदेशी राहिलेले सामोअन, अमेरिकन सामोआतले आणि हवाईत स्थलांतर केलेले यांच्या प्रकृतीत काय फरक पडतो ते त्यात पाहिलं गेलं. एकाच वंशाची माणसं जसजशी शेती-मासेमारीकडून पगारी कामाकडे आणि दुकानातल्या अन्नाकडे सरकली तसतसं वजन वाढत गेलं. ते काम स्टीफन मॅकगार्वी आणि त्यांचे सहकारी पुढे नेत राहिले, आणि आज सामोआ प्रौढांच्या लठ्ठपणात जगात अगदी वरच्या देशांमध्ये मोडतो.

याला आहाराची एक कहाणी आहे आणि ती आपल्याला परकी वाटू नये, कारण सामोआचं मुख्य पीक टॅरो म्हणजे आपलंच अळू. कंद उकडून किंवा भाजून खातात, आणि कोवळ्या पानांत नारळाचा घट्ट रस घालून त्याच्या पुड्या तापल्या दगडांवर भाजतात. त्या पदार्थाला पालुसामी म्हणतात. 1993 मध्ये अळूवर करपा आला आणि काही महिन्यांत देशातलं हे पीक जवळजवळ झोपलं. निर्यात थांबली, ताटातली जागा आयात अन्नाने आणखी भरली. स्वस्तात येणाऱ्या, चरबीने भरलेल्या टर्की पक्ष्याच्या शेपट्या हा त्यातला एक प्रकार. सरकारने 2007 मध्ये त्यांच्या आयातीवर बंदी घातली. 2012 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश करताना ती सोडावी लागली. असा एखादा निर्णय घेतला किंवा मागे घेतला तर मुलांच्या अंगावर त्याचा काय परिणाम होतो, हे कळायला दरवर्षी शेकडो मुलं मोजावी लागतात. त्यासाठी स्वस्त मोजमाप हवं.

सगळ्यांत स्वस्त मोजमाप बीएमआय. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गुणोत्तर एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांनी शोधलं. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते, आणि त्यांना लठ्ठपणाशी काही घेणंदेणं नव्हतं. सरासरी माणसाचं वजन उंचीबरोबर कसं वाढतं एवढंच पाहायचं होतं. 1972 मध्ये अँसेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांवर पुरुषांची मापं तपासून या गुणोत्तराला आजचं नाव दिलं. त्या मापांमध्ये एकही स्त्री नव्हती आणि एकही मूल नव्हतं.

मुलांसाठी मग वयानुसार तक्ते झाले. जागतिक आरोग्य संघटनेचा 2007 चा तक्ता बऱ्याच देशांत वापरला जातो. पाच वर्षांवरच्या मुलांसाठी तो मुख्यतः अमेरिकेतल्या मुलांच्या जुन्या आकडेवारीवर बेतलेला आहे. समजा, आठ वर्षांचा एक मुलगा 128 सेंटिमीटर उंच आहे आणि त्याचं वजन 32 किलो आहे. बीएमआय येतो 19.5. तक्त्यात या वयाच्या मुलग्यांसाठी 17.4 च्या वर जादा वजन आणि 19.7 च्या वर लठ्ठपणा. म्हणजे हा मुलगा लठ्ठपणाच्या उंबरठ्यावर. पण त्या 32 किलोंत चरबी सहा किलो आहे की नऊ, हे तक्ता सांगत नाही. सहा असेल तर तो धट्टाकट्टा मुलगा आहे आणि त्याच्या आईला काळजीत पाडायचं काही कारण नाही. नऊ असेल तर कारण आहे.

पॉलिनेशियन शरीरांच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. न्यूझीलंडमध्ये बॉइड स्विनबर्न आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात दाखवलं, की युरोपीय आणि पॉलिनेशियन प्रौढांचा बीएमआय सारखा असेल तर पॉलिनेशियन माणसाच्या अंगात चरबी कमी आणि स्नायू जास्त असतात. शरीर जितकं मोठं तितका हा फरक ठळक. म्हणून त्यांनी जादा वजनासाठी 25 ऐवजी 26 आणि लठ्ठपणासाठी 30 ऐवजी 32 हे आकडे सुचवले. न्यूझीलंडमध्ये ते काही वर्षं वापरातही होते. ऑकलंडमध्ये इलेन रश यांनी मुलांवर आणि मोठ्यांवर केलेल्या अभ्यासांतून हेच चित्र पुढे आलं, आणि त्यांनी पॅसिफिक बेटांवरच्या लोकांच्या बरोबरीने न्यूझीलंडमधले भारतीय वंशाचे लोकही मोजले. युरोपीय माणूस मधे, पॅसिफिक बेटांवरचा माणूस एका बाजूला आणि भारतीय नेमका उलट्या बाजूला: तेवढ्याच बीएमआयला चरबी जास्त, स्नायू कमी.

पुण्यात हे आधीच दिसलं होतं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. पुण्याची बाळं सगळ्याच बाबतींत लहान होती, पण खवाट्याखालच्या त्वचेची घडी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाळ बारीक, पण स्नायूंच्या हिशोबात मेद टिकून राहिलेला. पुढे 2004 मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3. डेक्सावर युडकिन यांची चरबी निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. चरबीच्या मोजमापाबद्दल हजार पानं लिहिली तरी या एका पानाइतकं लख्ख काही समजणार नाही, असं मला वाटतं.

हे लक्षात घेतलं की सामोआच्या मुलांसाठी पुण्याचं किंवा इलिनॉयचं सूत्र का चालणार नाही ते समजतं. इलिनॉयचं नाव घेतलं त्याला कारण आहे. मुलांच्या त्वचेच्या घड्यांवरून चरबी काढायचं सर्वांत प्रसिद्ध सूत्र मेरी स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये तिथे मांडलं, अमेरिकेतल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या मापांवरून. त्यातलं सोपं रूप असं: दंडाच्या मागची घडी आणि पोटरीची घडी मिलिमीटरमध्ये मोजून त्यांची बेरीज करायची. मुलगा असेल तर बेरजेला 0.735 ने गुणून 1 मिळवायचा. मुलगी असेल तर 0.610 ने गुणून 5.1 मिळवायचे. आला तो आकडा चरबीची टक्केवारी.

आपल्या 32 किलोच्या मुलाची दंडाची घडी 12 मिलिमीटर आणि पोटरीची 14 आली असं धरू. बेरीज 26, उत्तर 20.1 टक्के, म्हणजे जवळजवळ साडेसहा किलो. आता मोजणाऱ्या बाईंचा हात जरा सैल पडला आणि दोन्ही घड्या दोन-दोन मिलिमीटर जाड आल्या. बेरीज 30, उत्तर 23 टक्के. अंगात नसलेली सुमारे एक किलो चरबी कागदावर चढली.

म्हणून घडी मोजणं हे हाताचं कौशल्य आहे. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं हाड यांच्यामधलं अंतर टेपने मोजायचं, बरोबर मध्यावर पेनाने खूण करायची. मुलाने हात सैल सोडलेला हवा. आठ वर्षांचं मूल नेमकं तेव्हाच हात ताठ करतं. खुणेच्या साधारण एक सेंटिमीटर वर अंगठा आणि तर्जनीने कातडी आणि तिच्याखालची चरबी उचलायची, स्नायू सुटा सोडून. मग कॅलिपरचे जबडे घडीला काटकोनात लावायचे आणि कॅलिपरचा खटका पूर्ण सोडायचा. चांगल्या कॅलिपरचा दाब दर चौरस मिलिमीटरला 10 ग्रॅम असा ठरलेला असतो. दोन सेकंद थांबून आकडा वाचायचा. जास्त थांबलं तर चरबी दबत जाते आणि आकडा उतरतो. पुन्हा एकदा, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदा. जाड मुलाच्या बाबतीत घडी नीट उचलताच येत नाही, म्हणजे ज्याचं माप सगळ्यांत महत्त्वाचं त्याचंच माप सगळ्यांत डळमळीत. त्या मानाने घेर मोजणं सोपं. आपल्याकडे अंगणवाडी सेविका लहान मुलांचा दंडघेर एका पट्टीने मोजतात, तो कुपोषण ओळखण्यासाठी. इथे तोच घेर वरच्या टोकाला काय सांगतो ते पाहायचं असतं.

सामोआतला अभ्यास या सगळ्याच्या पुढची पायरी आहे. 2015 मध्ये येल विद्यापीठाच्या निकोला हॉली आणि त्यांच्या सामोअन सहकाऱ्यांनी उपोलू बेटावर ‘ओला टुपुटुपुआए’ नावाचा पाठपुरावा सुरू केला. सुरुवातीला मुलं दोन ते चार वर्षांची होती. त्या पहिल्याच फेरीत एक विचित्र चित्र दिसलं: पाचातल्या साधारण एका मुलाची उंची वयाच्या मानाने खुंटलेली, तिघांतल्या एकाला रक्तक्षय, आणि त्याच गावांत, कधी त्याच मुलात, जादा वजनही. इथे बीएमआय आणखी गोंधळ घालतो, कारण उंची खुंटलेल्या मुलाच्या वजनाला भागणारा आकडाच लहान असतो. मूल जाड दिसतं ते चरबीमुळे की बुटकेपणामुळे, हे गुणोत्तर वेगळं करू शकत नाही.

हीच मुलं मोठी झाल्यावर, सात ते नऊ वर्षांच्या वयात, त्यांचा डेक्सा काढला आणि साधी मापंही घेतली: वजन, उंची, घेर, त्वचेच्या घड्या. प्रत्येक मुलाच्या नावापुढे डेक्साने दिलेले चरबीचे किलो आणि टेप-कॅलिपरचे आकडे. मग संख्याशास्त्राला विचारायचं, की कोणत्या मापाला किती वजन दिलं तर डेक्साच्या जास्तीत जास्त जवळ जाता येईल.

हे ऐकायला सरळ वाटतं. अडचण अशी, की ही मापं एकमेकांत गुंतलेली असतात. ज्याचं वजन जास्त त्याचा दंड जाड, कंबर जाड, घडीही जाड. सगळीच मापं समीकरणात घातली तर ते हाताशी असलेल्या मुलांवर फार सुंदर बसतं आणि नव्या मुलांवर घसरतं. म्हणून चांगल्या अभ्यासात समीकरण काही मुलांवर तयार करतात आणि ज्यांची मापं समीकरणाने कधी पाहिली नाहीत अशा मुलांवर तपासतात. समीकरणाच्या आत डोकावलं तर मापांची कामं वाटलेली दिसतात. वजन सगळ्यांत मोठा भार उचलतं. उंची उणे चिन्ह घेऊन येते, कारण तेवढ्याच वजनाचं मूल उंच असेल तर त्याच्या अंगात हाड आणि स्नायू जास्त. मुलगा की मुलगी हेही लागतं. या वयातही मुलींच्या अंगात चरबी थोडी जास्त असते. आणि घडी किंवा पोटाचा घेर वजनाला जे सांगता येत नाही ते सांगतात, म्हणजे हे किलो नेमके कशाचे आहेत.

इथे वाचकाने एका गोष्टीबद्दल सावध राहावं. असे अभ्यास छापून येतात तेव्हा ‘समीकरणाने नव्वद टक्क्यांहून अधिक फरक स्पष्ट केला’ असं वाक्य असतं. चरबी किलोत मोजली की असा आकडा मिळवणं फारसं अवघड नाही, कारण मोठ्या मुलाच्या अंगात सगळंच जास्त असतं, चरबीही. खरी परीक्षा टक्केवारीत होते, किंवा याहून चांगली परीक्षा म्हणजे प्रत्येक मुलामागे किती किलोंची चूक झाली हे पाहणं. ब्लँड आणि ऑल्टमन या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये त्यासाठी साधी रीत रूढ केली: दोन पद्धतींच्या उत्तरांतला फरक आलेखावर मांडायचा. असा आलेख पाहिला की बहुतेक समीकरणांची खोड उघडी पडते. बारीक मुलांची चरबी ती थोडी जास्त सांगतात आणि जाड मुलांची थोडी कमी. सगळ्यांना सरासरीकडे ओढतात. लठ्ठ मुलांसाठीच समीकरण हवं असेल तर ही खोड छोटी म्हणून सोडून देता येत नाही.

त्यामुळे उपयोगाची मर्यादा ठरते. एका मुलामागे एखाद-दुसऱ्या किलोची चूक होत असेल, पण ती कधी वर कधी खाली होत असेल, तर तीनशे मुलांच्या सरासरीत ती बरीचशी विरून जाते. शाळेतल्या जेवणाचा कार्यक्रम बदलला, दोन वर्षांनी मुलांच्या अंगातली सरासरी चरबी कमी झाली का, हे अशा समीकरणावरून कळू शकतं. एका मुलाला समोर बसवून ‘तुला इतकी चरबी आहे’ असं सांगण्यासाठी मात्र ते वापरू नये. कॅलिपर फक्त त्वचेखालची चरबी पाहतो, आणि मधुमेहाच्या बाबतीत जास्त त्रास देते ती पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी. पोटाचा घेर तिचा थोडा माग काढतो, पूर्ण नाही.

ब्रिटनमध्ये मोहम्मद हुड्डा आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये 4 ते 15 वर्षांच्या मुलांसाठी फक्त वजन, उंची, वय, लिंग आणि वंश यांवरून चरबी सांगणारं समीकरण मांडलं. त्यात दक्षिण आशियाई मुलांना वेगळा रकाना आहे. पॉलिनेशियन मुलांसाठी नाही. ती ‘इतर’ मध्ये जातील. सामोआतल्या मुलांवर सामोआतच समीकरण तयार होणं महत्त्वाचं आहे ते यासाठी. जगात मोजमापाची जी साधनं सर्वमान्य झाली, ती ज्यांच्याकडे प्रयोगशाळा होत्या त्यांच्या मुलांवर झाली. बाकीच्यांची मुलं त्या पट्टीवर कायम चुकीची निघाली, कधी नसलेला लठ्ठपणा चिकटवून आणि कधी, आपल्यासारखी, असलेली चरबी लपवून.

शरीराचा हा वेगळेपणा काही अंशी जनुकांतही सापडला आहे. 2016 मध्ये रायन मिन्स्टर, मॅकगार्वी आणि सहकाऱ्यांनी तीन हजारांवर सामोअन प्रौढांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सीआरईबीआरएफ नावाच्या जनुकातला एक बदल त्यांना मिळाला. हा बदल युरोपीय लोकांत जवळजवळ नाही, पण सामोअन लोकसंख्येत त्याचं प्रमाण सुमारे 26 टक्के आहे. त्याची एक प्रत असलेल्या माणसाचा बीएमआय सरासरी 1.36 ने जास्त. ज्याने सगळ्यांना चकित केलं ते पुढचं: अशा माणसांना मधुमेहाचा धोका कमी होता, जास्त नव्हे. एकाच बीएमआयमागे वेगवेगळी शरीरं असतात याचा याहून ठोस पुरावा मिळणं कठीण, आणि वजनकाट्यापुढे जाऊन चरबी स्वतंत्रपणे मोजायची निकड इथे पुन्हा समोर येते.

पुढचं काम वयाचं आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलांवर तयार झालेलं समीकरण बाराव्या-तेराव्या वर्षी चालेलच असं नाही. मुलींच्या अंगात तेव्हा चरबी वेगाने वाढते, मुलग्यांचे स्नायू भरतात, हाडांतला खनिजांचा साठा बदलतो, आणि तीच घडी, तोच घेर वेगळं काही सांगू लागतो. ऑकलंडमध्ये वाढणाऱ्या सामोअन मुलांवरही ते तपासून पाहावं लागेल, कारण वंश तोच असला तरी अन्न आणि हालचाल तीच नाही. तोपर्यंत उपोलूवरच्या गावातल्या परिचारिकेला सात-आठ वर्षांच्या मुलांच्या वर्गासाठी हे समीकरण वापरता येईल: वर्गाची सरासरी गेल्या वर्षीपेक्षा कुठे सरकली ते पाहायला, आणि कोणत्या मुलांना आपियाला पुढच्या तपासणीसाठी पाठवायचं ते ठरवायला.